दोन फलनं समान आहेत हे कसं सिद्ध करायचं? टाइप थिअरीतल्या इन्टेन्शनल आणि एक्स्टेन्शनल समानतेची वाट, पायरीपायरीने

बूलियनवरची ही दोन फलनं घ्या.

    तसंच := ब ↦ ब
    उलटसुलट := ब ↦ नाही(नाही(ब))

दोघांना 'खरं' द्या, उत्तर 'खरं'. 'खोटं' द्या, उत्तर 'खोटं'. तिसरं इनपुट नाहीच, म्हणजे तपासायचं काही उरलं नाही. फळ्यावर कोणीही 'तसंच = उलटसुलट' लिहून पुढे जाईल. आता हेच विधान प्रूफ असिस्टंटला, म्हणजे कॉक (२०२५ पासून त्याचं नाव रॉक) किंवा साधा ॲग्डा अशा सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामला द्या आणि 'रेफ्ल'ने, म्हणजे 'दोन्ही बाजू एकच आहेत' एवढंच म्हणून, सिद्ध करायला सांगा. नकार येतो. इंडक्शन करायचं तर कशावर, तेही कळत नाही, कारण समोर संख्या नाही, बूलियन नाही, नुसती दोन फलनं आहेत. बाहेरून काही गृहीत धरल्याशिवाय ही सिद्धता मिळणारच नाही, आणि ती का मिळणार नाही हे काटेकोरपणे दाखवता येतं.

अशा ठिकाणी अडकलेल्यांसाठी हा लेख आहे. प्रूफ असिस्टंटमध्ये थोडं काम केलेलं असलं आणि इंडक्शन येत असलं की पुरे. अडचण एका ओळीची वाटते, पण तिच्या मुळाशी टाइप थिअरीतला (या असिस्टंटांच्या पायाशी असलेली, प्रत्येक गोष्टीला टाइप देणारी तर्कभाषा) सर्वांत सुंदर प्रश्न आहे असं मला मनापासून वाटतं: फलन म्हणजे त्याची कृती, की त्याने दिलेली उत्तरं? अलोन्झो चर्च यांनी लॅम्डा कॅल्क्युलस या फलनांच्या भाषेवरच्या १९४१ च्या पुस्तकातच हे दोन अर्थ वेगळे काढले होते. कृतीकडे पाहणारी समानता ती इन्टेन्शनल, उत्तरांकडे पाहणारी ती एक्स्टेन्शनल.

पायरी १: समोर कोणती समानता आहे ते ओळखा

'समान' या एका शब्दाखाली टाइप थिअरीत तीन वेगळ्या गोष्टी येतात. त्या वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ जातो.

पहिली, व्याख्येने समानता. ही सिद्ध करायची नसते. टाइप तपासणारा प्रोग्राम दोन्ही बाजू शेवटपर्यंत सोडवतो आणि तुलना करतो. २ + २ आणि ४ यांच्यात हीच समानता आहे. ती मिळाली की रेफ्ल चालतो. ही इथे मी '≡' अशी लिहीन.

दुसरी, सिद्ध करायची समानता, म्हणजे 'फ = ग' हा स्वतः एक टाइप. त्याची सिद्धता म्हणजे त्या टाइपचा एक घटक. हा टाइप आणि त्यात रेफ्ल हा एकमेव मूळ घटक, ही रचना पेर मार्टिन-लॉफ यांची. गृहीतकं हाताशी असतील तर इंडक्शन, रीराइट (एका बाजूच्या जागी तिच्याशी समान दुसरी बाजू ठेवणं) अशा मार्गांनी इथे पोचता येतं.

तिसरी फक्त फलनांसाठी. प्रत्येक क्ष साठी फ(क्ष) = ग(क्ष). हिला मी बिंदूगणिक समानता म्हणेन. आपण मनात 'ही फलनं एकच आहेत' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हीच अभिप्रेत असते.

पहिलीवरून दुसरी मिळते, दुसरीवरून तिसरी मिळते. फ = ग असेल तर दोन्ही बाजूंना क्ष लावला की झालं. उलट प्रवास मात्र आपोआप होत नाही. तिसरीवरून दुसरीकडे नेणाऱ्या विधानाचं नाव फंक्शन एक्स्टेन्शनॅलिटी, बोलताना 'फनएक्स्ट':

    (प्रत्येक क्ष : क साठी फ(क्ष) = ग(क्ष)) → फ = ग

दुसरीवरून पहिलीकडे नेणारा नियमही असू शकतो. त्याला इक्वॅलिटी रिफ्लेक्शन म्हणतात. तो घातला की एक्स्टेन्शनल टाइप थिअरी मिळते. त्याच्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

पायरी २: आधी गणनेवर सोडून पाहा

फनएक्स्टकडे धाव घेण्याआधी रेफ्ल करून पाहा. इन्टेन्शनल म्हटलं की लोकांना वाटतं, दोन फलनांचा मजकूर अक्षरशः सारखा हवा. तसं नाही. व्याख्येने समानता बरंच काही स्वतःहून पाहते. चलांची नावं बदलली तरी चालतं. फलनाला इनपुट लावून झालेलं सरलीकरण चालतं, हा बीटा नियम. 'क्ष ↦ फ(क्ष)' आणि 'फ' एकच धरले जातात, हा ईटा नियम; कॉकमध्ये तो ८.४ आवृत्तीपासून आहे, लीन या आणखी एका असिस्टंटमध्ये आणि ॲग्डातही आहे. शिवाय फलनाच्या आतला मजकूरही सोडवला जातो.

या सगळ्यांची बेरीज केली की एक नीट नियम हाती येतो, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. क्ष हा कोरा चल घ्या, ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. फ(क्ष) आणि ग(क्ष) नुसत्या गणनेने एकाच ठिकाणी पोचत असतील तर फ ≡ ग. म्हणजे इन्टेन्शनल सिद्धांतसुद्धा बिंदूगणिकच पाहतो; फक्त तो एकाच कोऱ्या बिंदूवर पाहतो, आणि तिथे त्याला फक्त गणना करता येते.

नैसर्गिक संख्यांची बेरीज घ्या. कॉक आणि ॲग्डात ती पहिल्या संख्येवर रिकर्शन करून येते:

    ० + म := म
    पुढचा(न) + म := पुढचा(न + म)

आता 'न ↦ ० + न' आणि 'न ↦ न' यांची तुलना करा. ० + न एका पावलात न होतो, रेफ्ल चालतो. उलट 'न ↦ न + ०' पाहा. न हा कोरा चल आहे. तो ० आहे की पुढचा(काहीतरी), हे कळल्याशिवाय बेरजेचा कोणताच नियम लागत नाही. गणना तिथेच थिजते. न + ० = न हे इंडक्शनने सहज सिद्ध होतं, पण व्याख्येने होत नाही. लीनमध्ये बेरीज दुसऱ्या संख्येवर रिकर्शन करते, म्हणून तिथे हेच चित्र उलटं दिसतं: न + ० सरळ, ० + न अडलेला. एका असिस्टंटमधली सिद्धता दुसऱ्यात नेताना रेफ्ल अचानक चालेनासा होतो तो बऱ्याचदा यामुळे.

सुरुवातीच्या बूलियनचंही तेच. नाही(नाही(ब)) मधला ब कोरा आहे, नकाराच्या व्याख्येला तो 'खरं' की 'खोटं' हे माहीत असावं लागतं, म्हणून गणना थांबते. दोन्ही पर्याय वेगवेगळे करून पाहिले की प्रत्येकात रेफ्ल चालतो. पण 'पर्याय वेगळे करणं' ही सिद्धतेची क्रिया आहे, गणनेची नाही.

दोन समानतांमधली दरी नेमकी इथे आहे. कोऱ्या चलावर गणनेने जे दिसतं ते इन्टेन्शनल समानतेला दिसतं. ज्यासाठी पर्याय वेगळे करावे लागतात किंवा इंडक्शन लागतं, ते तिला दिसत नाही. ही दरी किती रुंद आहे याचा अंदाज यावरून घ्या: बूलियनवरून बूलियनकडे जाणारी फलनं उत्तरांनुसार मोजली तर ४ आहेत. व्याख्येने मोजली तर ती अनंत आहेत, कारण दोनदा नकार, चारदा नकार, सहादा नकार ही सगळी कोऱ्या ब वर वेगवेगळ्या ठिकाणी थिजतात.

पायरी ३: सिद्धता का मिळत नाही ते एकदा समजून घ्या

ही पायरी गाळली तरी काम अडत नाही, पण ती केली की निरर्थक प्रयत्न थांबतात.

इन्टेन्शनल टाइप थिअरीचा एक गुणधर्म आहे. कोणतंही गृहीतक न धरता लिहिलेला घटक शेवटपर्यंत सोडवला की तो आपल्या टाइपच्या मूळ रूपातच येऊन थांबतो. संख्येच्या टाइपचा घटक असेल तर शेवटी खरोखरची संख्या मिळते. याला कॅनॉनिसिटी म्हणतात. समानतेच्या टाइपला मूळ रूप एकच, रेफ्ल. तेव्हा गृहीतकाशिवाय 'तसंच = उलटसुलट' ची सिद्धता कोणी दिलीच, तर ती सोडवत नेल्यावर रेफ्ल मिळेल. रेफ्ल बसायचा तर दोन्ही बाजू व्याख्येने समान हव्यात. त्या नाहीत, हे आपण वर पाहिलं. म्हणजे अशी सिद्धता असू शकत नाही.

आता फनएक्स्टचं काय? तो सिद्ध झाला असता तर त्यात 'खरं' आणि 'खोटं' या दोन पर्यायांची सिद्धता घालून 'तसंच = उलटसुलट' गृहीतकाशिवाय मिळालं असतं. ते अशक्य आहे. म्हणून फनएक्स्ट या सिद्धांतात सिद्ध होत नाही. त्याचं खंडनही होत नाही, कारण टाइप म्हणजे संच आणि फलन म्हणजे नेहमीचं गणिती फलन असा अर्थ लावला तर बाकीचे सगळे नियम टिकतात आणि फनएक्स्टही खरा ठरतो. तो जोडला तर विसंगती येणार नाही, ही खात्री इथून मिळते.

गृहीतकाशिवाय दोन फलनं समान सिद्ध होणं आणि त्यांची व्याख्येने समानता असणं, या दोन गोष्टी या सिद्धांतात एकच आहेत. म्हणून 'वेगळी टॅक्टिक (सिद्धता पुढे नेणारी आज्ञा) वापरून पाहतो' याला इथे अर्थ नाही.

पायरी ४: फनएक्स्ट खरंच लागतो का ते विचारा

पुष्कळदा लागत नाही. 'फ = ग' हे लक्ष्य आपणच नको तिथे मांडलेलं असतं. फलन पुढे कुठे वापरलं जाणार आहे ते पाहा. शेवटी त्याला कुठलातरी क्ष लावलाच जाणार असेल, तर लेमा बिंदूगणिक मांडा आणि तसाच वापरा.

नेहमी भेटणारं उदाहरण म्हणजे यादीवरचा मॅप, म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकाला फलन लावणं. मॅप(फ, य) = मॅप(ग, य) हवं आहे आणि फ, ग बिंदूगणिक समान आहेत. पहिला विचार येतो की फ = ग सिद्ध करून रीराइट करू. त्याऐवजी यादी य वर इंडक्शन करा. रिकामी यादी असेल तर काही नाही, नसेल तर डोक्यावर बिंदूगणिक समानता आणि शेपटीवर इंडक्शनचं गृहीतक. फनएक्स्टचा संबंधच आला नाही. यादी मर्यादित असते, तिच्यात फलनाची मोजकीच उत्तरं साठवलेली असतात. फोल्ड, फिल्टर, मर्यादित बेरजा या सगळ्यांना हेच लागू होतं.

आता फांद्या अनंत असलेलं झाड घ्या:

    झाड := पान | गाठ(क), जिथे क : संख्या → झाड

प्रत्येक गाठीला प्रत्येक संख्येमागे एक उपझाड आहे. त्यावर 'नक्कल' हे फलन लिहा: नक्कल(पान) := पान, नक्कल(गाठ(क)) := गाठ(न ↦ नक्कल(क(न))). आता नक्कल(झ) = झ सिद्ध करा. इंडक्शनचं गृहीतक सांगतं की प्रत्येक न साठी नक्कल(क(न)) = क(न). हवं आहे गाठ(न ↦ नक्कल(क(न))) = गाठ(क). आतली दोन फलनं बिंदूगणिक समान आहेत, त्यांची समानता हवी आहे, आणि ती मिळवायला दुसरी वाट नाही. इथे डेटाच्या पोटातच फलन आहे. फनएक्स्ट खराखुरा लागतो तो अशा जागी. 'प्रत्येक ख(क्ष) मध्ये फार तर एक घटक आहे, म्हणून सर्व क्ष साठी ख(क्ष) या टाइपमध्येही फार तर एकच' हे सांगायलाही तो लागतो; होमोटॉपी टाइप थिअरीत (समानतेला मार्ग मानणाऱ्या टाइप थिअरीत) काम करताना हे वाक्य पावलोपावली येतं.

मधली एक जागा आहे जिथे लागतो की नाही हे पटकन कळत नाही: फलनाच्या आत रीराइट करणं. समोर एखादी बेरीज आहे आणि तिच्या आत 'न ↦ न + ०' आहे. न + ० = न हा लेमा हातात असूनही साधा रीराइट चालत नाही, कारण तो न फलनाच्या आत बांधलेला आहे, बाहेरून त्याला हात लावता येत नाही. लीनमध्ये 'सिम्प' किंवा 'कॉन्व्ह' आत शिरतात. कॉकमध्ये 'सेटॉइड रीराइट' आहे. बाहेरचं कार्य बिंदूगणिक समानता पाळतं हे तुम्ही एकदा 'प्रॉपर' म्हणून नोंदवलं की ते फनएक्स्टशिवाय आत पोचतं. लायब्ररी लिहीत असाल आणि वापरणाऱ्यांवर ॲक्सिअम लादायचा नसेल, तर ही नोंदणीची मेहनत करावी असं माझं मत आहे. स्वतःपुरती सिद्धता असेल तर करू नये.

याच विचाराचं टोक म्हणजे सेटॉइड. प्रत्येक टाइपसोबत त्याची स्वतःची समानता बाळगायची, आणि फलनांची समानता अशी ठरवायची की क्ष आणि य समान असतील तर फ(क्ष) आणि ग(य) समान. एरेट बिशप यांच्या रचनावादी गणितात संच असाच, आपल्या समानतेसकट येतो. तात्त्विकदृष्ट्या ही मांडणी स्वच्छ आहे. प्रत्यक्षात प्रत्येक फलन समानता पाळतं हे प्रत्येक वेळी दाखवत बसावं लागतं, आणि टाइप दुसऱ्या मूल्यावर अवलंबून असले की हे ओझं झपाट्याने वाढतं. ज्या समानतेचा तुम्हाला खरोखर वेगळा अर्थ हवा आहे तिथेच सेटॉइड वापरा.

पायरी ५: लागतोच, तर कुठून आणायचा

चार मुख्य मार्ग आहेत. त्यातला पहिला कंटाळवाणा, बाकीचे तीन पाहण्यासारखे.

साधा मार्ग ॲक्सिअमचा. कॉकच्या प्रमाण लायब्ररीत फंक्शनल एक्स्टेन्शनॅलिटी नावाचं मॉड्यूल आहे, ते आणा आणि 'एक्स्टेन्शनॅलिटी क्ष' ही टॅक्टिक लावा. साध्या ॲग्डात 'पॉस्च्युलेट' करून विधान लिहा. सुसंगततेचा प्रश्न नाही, तो तिसऱ्या पायरीत मिटला.

दुसरा मार्ग लीनचा. तिथे फनएक्स्ट हा ॲक्सिअम नाही, प्रमेय आहे, आणि त्याची सिद्धता इतकी छोटी आहे की पूर्ण द्यायला हवी. लीनमध्ये कोशंट टाइप अंगभूत आहेत: टाइपवर एखादा संबंध दिला की संबंधित घटक एकत्र केलेला नवा टाइप मिळतो, आणि संबंधित घटकांचे वर्ग समान असतात हे 'क्वोट साउंड' या ॲक्सिअमने मिळतं. आता 'क → ख' या फलनांच्या टाइपवर बिंदूगणिक समानतेचा संबंध घ्या आणि कोशंट करा. फ चा वर्ग [फ] असा लिहू. मग असं एक कार्य लिहा, जे वर्ग घेतं आणि फलन परत देतं:

    लावा(व) := क्ष ↦ (व मधल्या कोणत्याही फ साठी फ(क्ष))

'कोणत्याही' हा शब्द इथे चालतो, कारण वर्गातली सगळी फलनं क्ष वर एकच उत्तर देतात. वर्गाची व्याख्याच ती आहे. आता लावा([फ]) सोडवा. गणनेने 'क्ष ↦ फ(क्ष)' मिळतं, आणि ईटाने ते फ. तसंच लावा([ग]) ≡ ग. फ आणि ग बिंदूगणिक समान असतील तर [फ] = [ग]. दोन्ही बाजूंना 'लावा' लावा. फ = ग.

जादू कुठे झाली ते शोधा. 'लावा' मध्ये 'क्ष ↦' बाहेर आहे आणि वर्ग उघडणं आत आहे. वर्ग उघडण्याच्या क्षणी क्ष ठरलेला असतो, म्हणून त्या एका बिंदूवरची समानता पुरते. क्रम उलटा केला असता, आधी वर्ग उघडून मग क्ष घ्यायचा ठरवलं असतं, तर उघडण्यासाठीच फ = ग दाखवावं लागलं असतं आणि आपण गोल फिरून जागेवर आलो असतो.

तिसरा मार्ग क्यूबिकल टाइप थिअरीचा, ज्याचं मूळ रूप सिरिल कोहेन, तिएरी कोकां, सायमन हूबर आणि अँडर्स मर्टबर्ग यांनी मांडलं. 'क्यूबिकल' पर्याय चालू केलेल्या ॲग्डात ते वापरता येतं. तिथे समानता म्हणजे एका अंतरालावरून जाणारा मार्ग: इ हा ० वरून १ कडे सरकतो, ० ला एक टोक, १ ला दुसरं. बिंदूगणिक सिद्धता ह म्हणजे प्रत्येक क्ष साठी एक मार्ग, ह(क्ष)(इ). हवा आहे फलनांचा मार्ग, म्हणजे प्रत्येक इ साठी एक फलन. उत्तर एका ओळीत:

    फनएक्स्ट(ह) := इ ↦ क्ष ↦ ह(क्ष)(इ)

इ आणि क्ष यांची अदलाबदल, बस. लीनमधली युक्ती आणि ही युक्ती आतून एकच आहेत. दोन्हीकडे 'कोणत्या बिंदूवर' हा प्रश्न बाहेर काढला आणि 'कोणत्या समानतेने' हा आत ढकलला. माझ्या मते फनएक्स्ट समजणं म्हणजे ही अदलाबदल समजणं. व्लादिमिर व्होएव्होद्स्की यांनी युनिव्हॅलन्सवरूनही (समतुल्य टाइप समान धरण्याच्या तत्त्वावरूनही) फनएक्स्ट निघतो हे दाखवलं. ती वाट लांबची आहे, पण युनिव्हॅलन्स आधीच मानत असाल तर फनएक्स्ट वेगळा मानायची गरज नाही.

चौथा मार्ग इक्वॅलिटी रिफ्लेक्शनचा: समानतेची सिद्धता असेल तर ती व्याख्येने समानता धरा. मार्टिन-लॉफ यांच्या १९८४ साली प्रकाशित झालेल्या व्याख्यानांत हा नियम आहे, आणि कॉर्नेल विद्यापीठातली न्यूपर्ल ही प्रणाली याच परंपरेतली. फनएक्स्ट इथे कसा निघतो ते दुसऱ्या पायरीशी जोडून पाहा. कोरा क्ष घ्या. फ(क्ष) = ग(क्ष) ची सिद्धता आहे, म्हणून फ(क्ष) ≡ ग(क्ष). कोऱ्या चलावर समान, म्हणून फ ≡ ग. कोऱ्या बिंदूवर फक्त गणना चालते ही अटच या नियमाने काढून टाकली: आता तिथे इंडक्शनही चालतं. पण त्यामुळे टाइप तपासताना मशीनला सिद्धता शोधत बसावं लागतं, आणि ते काम निर्णयक्षम राहत नाही. न्यूपर्लमध्ये टाइप बरोबर आहे हे वापरणाऱ्याला स्वतः सिद्ध करावं लागतं ते यामुळे.

या चौथ्या मार्गाने नवीन प्रमेयं मिळतात का? मार्टिन हॉफमन यांनी १९९५ च्या प्रबंधात याचं उत्तर दिलं. इन्टेन्शनल थिअरीत फनएक्स्ट आणि 'समानतेच्या दोन सिद्धता नेहमी समान असतात' हे तत्त्व जोडा. मग इन्टेन्शनल भाषेत लिहिता येणारं जे जे विधान रिफ्लेक्शनने सिद्ध होतं, ते रिफ्लेक्शनशिवायही सिद्ध होतं. फरक सोयीचा आहे, ताकदीचा नाही. ऑब्झर्वेशनल टाइप थिअरीची वाटही आहे, जिची मांडणी थॉर्स्टन आल्टेनकिर्श, कॉनर मॅकब्राइड आणि वाउटर स्वियर्स्ट्रा यांनी २००७ मध्ये केली. तिथे समानतेचा टाइप स्वतःच गणना करतो, आणि फलनांसाठी तो बिंदूगणिक समानतेत उलगडतो.

पायरी ६: किंमत कुठे मोजावी लागते ते पाहा

ॲक्सिअम म्हणून आणलेला फनएक्स्ट सिद्धता देतो, पण गणना देत नाही. पाहा:

    प : तसंच = उलटसुलट (फनएक्स्टने)

आता या प वरून ० ही संख्या वाहून न्या. म्हणजे फलनांवर अवलंबून असलेला असा टाइप घ्या जो प्रत्येक फलनासाठी 'संख्या' हाच आहे, आणि त्याचा घटक ० हा प च्या आधारे एका टोकावरून दुसऱ्या टोकाला न्या. उत्तर ० असायला हवं, आणि ते ० शी समान आहे हे सिद्धही करता येतं. पण वाहून नेण्याची गणना समोर रेफ्ल दिसला तरच पुढे सरकते. इथे दिसतो तो ॲक्सिअम, ज्याच्या पोटात काही नाही. परिणामी संख्येच्या टाइपचा, कोणतंही चल नसलेला एक घटक तयार होतो जो कधीच संख्येपर्यंत पोचत नाही. कॅनॉनिसिटी गेली. क्यूबिकल ॲग्डात हाच प्रयोग केला तर गणना ० वर पोचते, कारण तिथे फनएक्स्टला स्वतःची गणना आहे. त्या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच.

रोजच्या कामात याचा अर्थ असा: फनएक्स्ट सिद्धतांच्या आत कितीही वापरा, डेटा तयार करणाऱ्या व्याख्यांमध्ये वापरू नका. एखाद्या व्हेक्टरचा टाइप जुळवण्यासाठी मधे फनएक्स्टवर आधारलेला कास्ट (समानतेच्या आधारे टाइप बदलणं) घातलात, की पुढे त्या व्हेक्टरवरचा रेफ्ल कुठेतरी अडेल आणि कारण शोधायला वेळ जाईल. लीनमध्ये हे 'डिसाइड' (गणनेने विधानाचा निकाल लावणारी टॅक्टिक) वापरताना विशेष दिसतं: निर्णय देणारी व्याख्या असा कास्ट करून बनवली असेल तर कर्नल, म्हणजे सिद्धता तपासणारा गाभा, तिथेच थबकतो. गंमत म्हणजे तोच प्रोग्राम कंपाइल करून चालवला तर नीट चालतो, कारण कंपाइलर सिद्धता पुसून टाकतो. तेव्हा 'चालवल्यावर उत्तर बरोबर येतं, मग सिद्धतेत का अडतंय' असा प्रश्न पडला तर आधी कास्ट शोधा.

कोणतं प्रमेय कशावर उभं आहे ते तपासायची सवय लावून घ्या. कॉकमध्ये 'प्रिंट असम्प्शन्स', लीनमध्ये 'प्रिंट ॲक्सिअम्स'. लीनमध्ये फनएक्स्ट वापरलेल्या प्रमेयापुढे 'क्वोट साउंड' दिसेल. ते दिसलं म्हणून बिचकायचं कारण नाही. लीनच्या गणिती लायब्ररीत ते सगळीकडे आहे. कॉकमध्ये, जिथे लोक ॲक्सिअमरहित लायब्ररीची अपेक्षा ठेवतात, तिथे मात्र ही यादी प्रकाशित करण्याआधी जरूर पाहा.

पायरी ७: फनएक्स्ट जिथे आड येतो ती जागा

फनएक्स्ट मानला की सिद्धांताच्या आत फलनाची कृती कायमची झाकली जाते. दोन सॉर्टिंग पद्धती, एक वेगवान आणि एक संथ, प्रत्येक यादीवर तेच उत्तर देत असतील तर आता त्या समान आहेत, आणि समान गोष्टींबद्दल वेगळं काही म्हणता येत नाही. फलन घेऊन 'याला किती पावलं लागतात' सांगणारं कार्य असं लिहिताच येणार नाही की जे या दोघींना वेगळी उत्तरं देईल.

याहून धारदार उदाहरण आहे. समजा तुम्हाला रचनावादी वृत्तीने असं गृहीतक घालायचं आहे: प्रत्येक फलन फ : संख्या → संख्या साठी त्याचा प्रोग्राम-क्रमांक मिळतो. टाइप थिअरीच्या नेहमीच्या 'असा एक आहे' मध्ये तो क्रमांक हातात येतो, म्हणजे फ वरून क्रमांकाकडे जाणारं एक कार्य 'कोड' मिळतं. आता फनएक्स्टही घाला आणि काय होतं ते पाहा. 'शून्य' हे सतत ० देणारं फलन. कोणताही फ घ्या आणि कोड(फ) व कोड(शून्य) या दोन संख्यांची तुलना करा. संख्यांची तुलना नेहमी होते. त्या समान असतील तर दोन्ही फलनं एकच प्रोग्राम चालवतात, म्हणून फ सगळीकडे ० आहे. आणि फ सगळीकडे ० असेल तर फनएक्स्टने फ = शून्य, म्हणून कोडही समान. म्हणजे कोणतंही फलन सगळीकडे ० आहे की नाही हे एका तुलनेत ठरलं. पण एखादा प्रोग्राम न पावलांत थांबला असेल तर १, नाहीतर ० असं फलन घेतलं की याच तुलनेने थांबण्याचा प्रश्न सुटतो. तो निर्णय देणाऱ्या फलनालाही, गृहीतकाप्रमाणे, प्रोग्राम-क्रमांक आहे. ट्युरिंगच्या १९३६ च्या निकालाशी उघड विरोध. ही दोन तत्त्वं एकत्र नांदू शकत नाहीत.

सुटका अशी की 'क्रमांक आहे' हे विधान सौम्य करायचं: क्रमांक अस्तित्वात आहे एवढंच, तो निवडून हातात देणारं कार्य नाही. प्रपोझिशनल ट्रंकेशन (घटक कोणता ते झाकून 'आहे' एवढंच ठेवणारी रचना) वापरून हे नेमकं लिहिता येतं, आणि तशा रूपात ते फनएक्स्टसोबत सुसंगत आहे. इफेक्टिव्ह टोपोस नावाच्या मॉडेलमध्ये दोन्ही खरे आहेत.

प्रोग्रामच्या वेळेबद्दल किंवा रचनेबद्दल काही सिद्ध करायचं असेल तर फलनांच्या टाइपकडून ते काम मागू नका. प्रोग्रामच्या वाक्यरचनेचा स्वतंत्र इंडक्टिव्ह टाइप लिहा, 'कोश' म्हणू त्याला. त्यावर दोन व्याख्या द्या: 'अर्थ', जो कोशमधून फलनाकडे नेतो, आणि 'पावलं', जो कोश आणि इनपुट घेऊन संख्या देतो. अर्थ(स) = अर्थ(त) ही एक्स्टेन्शनल समानता झाली, तिथे फनएक्स्ट बिनधास्त वापरा. स = त ही मजकुराची समानता झाली, ती निर्णयक्षम आहे आणि तिला फनएक्स्टची गरज नाही. वरच्या दोन्ही सॉर्टिंग पद्धती आता कोशमध्ये वेगळ्या राहतात, त्यांचे अर्थ समान निघतात, आणि 'पावलं' त्यांच्यातला फरक मोजतं.